दारापासून वीस फूट: न्यूयॉर्कच्या खाऊगाड्यांच्या मागावर

बुधवार

भाचा जर्सी सिटीत जर्नल स्क्वेअरपाशी राहतो. घराजवळच्या नेवार्क अव्हेन्यूवर कढीपत्त्यापासून साबुदाण्यापर्यंत सगळं मिळतं. त्यामुळे घरात पोहे होत असताना गाडीवरचं खायला नदीपलीकडे न्यूयॉर्कला कशाला जायचं, हा बायकोचा प्रश्न अगदीच रास्त होता. भाचा म्हणाला, "मामी, पोहे संध्याकाळी कर. कॉफीच्या गाड्या दुपारनंतर दिसणार नाहीत." मग काय, सातच्या सुमारास पाथ रेल्वेत बसलो आणि मॅनहॅटनच्या तेहतिसाव्या रस्त्यावर वर आलो.

तिथली कॉफीची गाडी म्हणजे स्टीलचा चकचकीत डबा, आत एक माणूस कसाबसा मावणार. काचेआड बेगल, डोनट, क्रॉसाँ एकावर एक रचलेले. दूध-साखर गाडीवालाच घालतो, आपण फक्त किती ते सांगायचं. नेहमीच्या गिऱ्हाइकाला तेही सांगावं लागत नाही. एक बाई फोनवर बोलत आल्या, बोलणं न थांबवता पैसे ठेवले, कप आणि पिशवी उचलली आणि गेल्या. गाडीवाल्याने त्या कोपऱ्यावर दिसल्या तेव्हाच बेगल चिरायला घेतला होता. काही गाड्यांवर अजून तो जुना निळा-पांढरा, ग्रीक नक्षीचा कागदी कप मिळतो. लेस्ली बक नावाच्या माणसाने तो १९६०च्या दशकात काढला. शहरातली कॉफीची दुकानं तेव्हा बहुतेक ग्रीक लोकांची होती, त्यांना आवडावा म्हणून ती नक्षी. आता गाड्यांमध्ये ग्रीक कमी दिसतात. इजिप्शियन, बांगलादेशी, अफगाण जास्त.

आमचा गाडीवाला इजिप्तचा होता. गर्दी ओसरल्यावर जरा बोलला. गाडी रात्री रस्त्यावर ठेवता येत नाही, ती अधिकृत गॅरेजात न्यावी लागते. तिथे धुणं, पाणी भरणं, बर्फ आणि पाव घेणं हे सगळं मध्यरात्रीनंतर चालतं. मग व्हॅनला जोडून उजाडायच्या आत जागेवर. "झोप?" असं बायकोने खुणेने विचारलं, तर तो नुसता हसला.

भाच्याचं ऑफिस याच भागात. रोजचं दुपारचं जेवण गाडीवर होत असल्यामुळे त्याला गाड्यांचे नियम तोंडपाठ आहेत. इमारतीच्या दारापासून गाडी वीस फूट लांब हवी. रस्ता ओलांडायच्या पट्ट्यांपासून दहा फूट. फुटपाथ किमान बारा फूट रुंद हवा. गाडीची लांबी दहा फुटांपेक्षा आणि रुंदी पाच फुटांपेक्षा जास्त चालत नाही. हे ऐकलं आणि माझा चालण्याचा नकाशाच बदलला. तोवर मी फोनमध्ये "उत्तम फूड ट्रक" वगैरे शोधत होतो. त्यापेक्षा बँकेची किंवा एखाद्या टॉवरची दार नसलेली लांबलचक भिंत शोधावी, समोर रुंद फुटपाथ असावा, की गाडी तिथे असणारच. अरुंद गल्ली, दुकानांची दारं एकमेकांना खेटून, म्हणजे तिथे गाडीचं नावही नको. सहाव्या अव्हेन्यूवर गाड्यांची एवढी दाटी का, याचं उत्तर तिथल्या चवीत शोधू नये, फुटपाथच्या रुंदीत शोधावं.

दुपारी त्याच अव्हेन्यूवर, त्रेपन्नाव्या रस्त्याच्या कोपऱ्यावर. आधुनिक कलेचं ते प्रसिद्ध संग्रहालय इथून काही पावलांवर. समोर हिल्टन हॉटेल, आणि कोपऱ्यावर पिवळे टीशर्ट घातलेली माणसं. हीच 'द हलाल गाईज'ची मूळ जागा. १९९०मध्ये तिघा इजिप्शियन भागीदारांनी इथे हॉट डॉगची गाडी लावली होती. टॅक्सी चालवणाऱ्या मुसलमान ड्रायव्हरांना पोटभर, हलाल आणि गरम जेवण कुठेच मिळत नाही हे त्यांच्या ध्यानात आलं, आणि हॉट डॉग जाऊन कोंबडी-भात आला. पुढे २०१४पासून त्यांनी दुकानं आणि फ्रँचायझी काढल्या, आता देशोदेशी आहेत. शहरातल्या जवळजवळ प्रत्येक मोठ्या कोपऱ्यावर दिसणारा 'चिकन ओव्हर राइस' हा पदार्थ रुळला तो अशाच गाड्यांमुळे.

करतात कसं ते बघण्यासारखं आहे. रुंद सपाट तव्यावर कोंबडीचे तुकडे, आणि दोन्ही हातांत दोन उलथनी. खट-खट-खट असा एकसारखा ताल धरून तो माणूस मांस बारीक करत जातो, मधेच ढीग कडेला सारतो, नवा ओततो. मुंबईत तवा पुलाववाल्याचा जो आवाज असतो, अगदी तोच. पन्नीच्या गोल थाळीत पिवळा भात, त्यावर कोंबडी, कडेला लेट्यूस आणि पावाचे तुकडे. मग तो पांढरा सॉस. मेयोनीजच्या जातीचा आहे, बाकी आत काय आहे यावर लोक वाद घालतात. लाल सॉस मात्र थेंबाथेंबाने घ्या. तिखट खाणारे आपण असा कितीही अभिमान असला तरी. त्याचा तिखटपणा आधी कळत नाही, तिसऱ्या घासाला कळतो.

बायकोने फलाफलची, म्हणजे चण्याच्या वड्यांची थाळी घेतली. थाळी दहा-बारा डॉलरची, पण एकीत दोघं सहज जेवतात. बसायला जागा नाही. कारंज्याच्या कठड्यावर सुटाबुटातले लोक मांडीवर पन्नीची थाळी घेऊन बसलेले, त्यांच्यातच आम्ही. चव? चांगली आहे. पण पुढच्या दोन कोपऱ्यांवर रांग नसलेल्या गाड्यांवरही जवळपास हीच चव मिळते. त्यातल्या एकीवरचा बांगलादेशी माणूस भातात चार दाणे जिरं जास्त घालतो आणि मला तो भात अधिक आवडला.

एक सूचना इथेच देऊन ठेवतो. बीफ न खाणाऱ्यांनी या शहरात प्रत्येक गाडीवर विचारावं. गायरो (सळईवर भाजून कापलेलं मांस) बहुधा बीफ किंवा बीफ-लँबचं मिश्रण, हॉट डॉग बीफचा, टॅकोचं मांस बरेचदा बीफ. विचारलं तर कुणी वाईट मानत नाही. "ओन्ली चिकन, नो बीफ" एवढं पुरतं. शाकाहारी माणसाने तव्याकडे मात्र फार निरखून पाहू नये. फलाफल वेगळ्या कढईत तळतात, भाज्या त्याच तव्यावर.

गुरुवार

आज मेट्रोपॉलिटन म्युझियम. कलेबद्दल इथे लिहीत नाही, पाय दुखले एवढंच सांगतो. बाहेरच्या पायऱ्यांसमोर हॉट डॉगच्या गाड्यांची रांग आहे आणि तिच्यामागे एक भलता कायदा आहे. न्यूयॉर्क राज्याने १८९४मध्ये, यादवी युद्धातून अपंग होऊन परतलेल्या सैनिकांना रस्त्यावर विक्री करून पोट भरता यावं म्हणून खास सवलत दिली. ती सवलत आजही लागू आहे. म्हणून म्युझियमपुढच्या मोक्याच्या जागेवर माजी सैनिकांच्या गाड्या उभ्या असतात. छत्रीवर तसा फलकही असतो.

आणि त्याच फुटपाथवरून थोडं खाली सेंट्रल पार्कच्या हद्दीत गेलं की हिशेब पार फिरतो. पार्कातल्या जागा उद्यान विभाग निविदा काढून देतो. प्राणिसंग्रहालयाजवळच्या एका गाडीच्या जागेसाठी वर्षाला २,८९,५०० डॉलर मोजले जात असल्याची बातमी २०१३मध्ये आली होती. हॉट डॉगच्या गाडीसाठी! मी भाच्याला तीन वेळा आकडा विचारला.

या पैशाचं मूळ परवान्यात आहे. खाद्यगाड्यांच्या परवान्यांची संख्या शहराने १९८३पासून सुमारे तीन हजारांवर गोठवली. त्यात हंगामी आणि इतर प्रकार धरले तर पाच हजारांच्या आसपास. सरकारी फी दोन वर्षांना अवघी दोनशे डॉलर. पण नवा परवाना मिळतच नाही म्हटल्यावर ज्यांच्याकडे जुने होते त्यांनी ते मागच्या दाराने भाड्याने द्यायला सुरुवात केली, आणि भाव दोन वर्षांना वीस-पंचवीस हजार डॉलरपर्यंत गेला. परवाना एकाच्या नावावर, उन्हातान्हात उभा दुसराच. मुंबईत पागडी आणि हप्त्याच्या गोष्टी ऐकत वाढलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. २०२१च्या कायद्याने दरवर्षी ४४५ नवे परवाने द्यायचं ठरवलं, आणि अट अशी की परवानाधारकांपैकी एकाने तरी प्रत्यक्ष गाडीवर हजर हवं. आपल्याकडेही २०१४मध्ये फेरीवाल्यांसाठी केंद्राचा कायदा आला, शहर फेरीवाला समित्या आल्या. पण दादरला 'गाडी आली, गाडी आली' अशी हाळी उठली की टोपल्या उचलून पळणारी माणसं आजही दिसतात. न्यूयॉर्कमध्ये पळापळ कमी आणि दंडाच्या पावत्या जास्त. गाडी पट्ट्यांपासून नऊ फुटांवर निघाली तरी दंड होऊ शकतो. फेरीवाल्यांच्या बाजूने लढणारा 'स्ट्रीट व्हेंडर प्रोजेक्ट' या पावत्यांविरुद्ध मदत करतो.

एवढं सगळं ऐकल्यावर म्युझियमबाहेरची प्रेट्झेल, म्हणजे पीळ घातलेला खारा पाव, घ्यायला हवीच होती. मीठ जाड, पीठ चिवट, मोहरीच्या चटणीबरोबर बरी लागते. पुढे पर्यटकांच्या गर्दीत एका बिननावाच्या गाडीवर मात्र दरपत्रकच नव्हतं. पाण्याची बाटली मागितली तर गिऱ्हाईक बघून भाव सांगितला गेला. दर लावणं बंधनकारक आहे. जिथे पाटी नाही तिथून पुढे चालायचं, शंभर पावलांवर दुसरी गाडी असते. स्वच्छतेची ग्रेडही बघावी. २०१८च्या अखेरपासून हॉटेलांसारखीच गाड्यांनाही ए, बी, सी मिळते आणि ती दर्शनी भागात लावलेली असते.

शुक्रवार

सकाळी पाऊस झाला. दुपारी वॉशिंग्टन स्क्वेअर पार्क.

बायको ज्याची वाट बघत होती तो दिवस. पार्कच्या दक्षिणेला, सलिव्हन रस्ता जिथे येऊन मिळतो तिथे 'एनवाय डोसाज'ची गाडी. मालक तिरू कुमार, श्रीलंकेतल्या जाफन्याचे. २००१मध्ये त्यांनी ही गाडी सुरू केली आणि २००७मध्ये व्हेंडी पुरस्काराचा करंडक जिंकला. स्ट्रीट व्हेंडर प्रोजेक्ट २००५पासून बरीच वर्षं ही स्पर्धा भरवत असे. रस्त्यावरच्या स्वयंपाक्यांचं हे ऑस्करच म्हणायचं. गाडीवर सगळं शुद्ध शाकाहारी, तेही वीगन, म्हणजे तुपाचा थेंबही नाही.

गाडीवर माणूस एकटा. दोन तवे, पिठाचा डबा, भाजीची भांडी आणि रांग. रांग पुढे सरकते ती डोशाच्या वेगाने, त्याहून लवकर नाही. पीठ ओतून वाटीच्या बुडाने आतून बाहेर गोल फिरवलं, कडा सुटेपर्यंत दुसऱ्या तव्यावरचा उलटला, मधल्या वेळात एकीकडे पैसे, एकीकडे "हाऊ आर यू, माय फ्रेंड". रांगेत विद्यापीठाची पोरं, एक योगाची चटई पाठीला लावलेली बाई, गळ्यात ओळखपत्र लटकवलेला एक प्राध्यापक वाटणारा माणूस. देशी चेहरे आमच्याखेरीज एक-दोनच.

बायकोने पाँडिचेरी डोसा घेतला. बटाट्याच्या भाजीबरोबर वर भाज्यांचा ताजा चुरा, सोबत सांबार आणि खोबऱ्याची चटणी. पहिल्या घासाला ती काही बोलली नाही. दुसऱ्याला म्हणाली, "पीठ आंबलंय नीट." आमच्या घरात याहून मोठं प्रशस्तिपत्र नसतं. सांबार आपल्या उडप्याकडच्यापेक्षा तिखट आणि दाट, गूळ अजिबात नाही. फलकावर 'वीगन ड्रमस्टिक' नावाचा एक प्रकार आहे. सोयाच्या गोळ्यात उसाची कांडी खोचलेली, दिसायला कोंबडीची तंगडी. तो मी खाल्ला. शेवटी ऊस चोखायला मिळतो, हा त्याचा सगळ्यात चांगला भाग.

थाळ्या घेऊन नैर्ऋत्य कोपऱ्यात बुद्धिबळाच्या टेबलांपाशी बसलो. तिथले खेळाडू पैसे लावून खेळतात आणि बोलून बोलून समोरच्याला नामोहरम करतात. भाचा एक डाव हरला. डाव फार लवकर संपला, डोसा अजून गरम होता.

शनिवार

खाण्याच्या दृष्टीने सगळा प्रवास आजच्या दिवसासाठी होता असं म्हटलं तरी चालेल. मॅनहॅटन सोडून क्वीन्समध्ये, सात नंबरच्या रेल्वेगाडीने, जॅक्सन हाइट्स.

चौऱ्याहत्तराव्या रस्त्याच्या स्टेशनातून खाली उतरलं की डोक्यावर लोखंडी पूल, त्यावरून दर काही मिनिटांनी धडधडत जाणारी गाडी, आणि खाली रूझवेल्ट अव्हेन्यू. बोलायचं ते गाडी येण्याआधी किंवा गेल्यावर. मधे सगळे जण तोंड उघडं ठेवून थांबतात आणि मग वाक्य पुढे सुरू. एका बाजूला साड्यांची, सोन्याची, मिठाईची दुकानं; 'डायव्हर्सिटी प्लाझा' नावाच्या चौकात बंगाली वर्तमानपत्रं आणि पानाच्या पिचकाऱ्या (हो, तिथेही). दुसऱ्या बाजूला, दहा-बारा चौक पूर्वेकडे चालत गेलं की पाट्या स्पॅनिशमध्ये.

सुरुवात फुचक्याने केली. बांगलादेशी पोरांच्या छोट्या गाड्या संध्याकाळकडे लागतात. फुचका म्हणजे आपल्या पाणीपुरीचा सख्खा चुलतभाऊ, पण स्वभाव वेगळा. आत उकडून कुस्करलेले पिवळे वाटाणे, कांदा, मिरची, कोथिंबीर. पुऱ्या भरून एका ताटलीत मांडून देतात आणि चिंचेचं पाणी वेगळ्या वाटीत. आपण स्वतः ओतायचं. भय्या एकेक करून हातात देतोय आणि आपण घाईने तोंडात कोंबतोय, हा प्रकार नाही. आणि वरून किसणीवर उकडलेलं अंडं किसतात! बायकोच्या ताटलीवर किसणी आली तशी ती "नाही नाही, अंडा नही" म्हणून ओरडली. पोरगा हिंदीत म्हणाला, "आंटी, बिना अंडे का भी बनता है, टेन्शन मत लो," आणि ती ताटली भाच्यापुढे सरकवून दुसरी भरायला घेतली. माझं मत विचाराल तर अंड्यासकट जास्त चांगला लागतो. कोरड्या वाटाण्याला त्याने जरा स्निग्धपणा येतो. चिंचेचं पाणी मात्र ठाण्याच्या गाडीवरचंच खरं. इथे पुदिना नव्हता.

पुढे मोमो. या भागात तिबेटी आणि नेपाळी वस्ती मोठी आहे आणि मोमोच्या गाड्या व ट्रक स्टेशनाभोवतीच उभे असतात. तिबेटी मोमो इथे बहुधा बीफचा, पण चिकन आणि भाजीचेही मिळतात. ट्रकच्या खिडकीतून झाकण उचललं की आत ॲल्युमिनियमच्या मोठ्या मोदकपात्राचे मजले. मोमोच्या मुरडी बघून बायकोने लगेच कळ्या मोजल्या. "अठरा. बरी आहे बाई." उकडीचे मोदक वळणाऱ्या बाईला दुसरं काय दिसणार. लाल चटणीत तिरफळासारखी जीभ बधिर करणारी चव येते. त्या मसाल्याला नेपाळीत तिमूर म्हणतात, तिरफळाच्या कुळातलाच. तिथेच लाफिंगही मिळतं. मुगाच्या सत्त्वाचा थंडगार, थुलथुलीत पापुद्रा गुंडाळून कापतात, वर लसणाचं पाणी आणि मिरचीचं तेल. कुणाला हा प्रकार गिळगिळीत वाटेल. मी दोन घेतले.

मग पुलाच्या सावलीतून पूर्वेकडे. अठ्ठ्याहत्तराव्या रस्त्यावर 'बिर्रिया-लँडिया'चा ट्रक आणि त्यापुढे अशी रांग की फुटपाथवरून चालणाऱ्यांना रस्त्यावर उतरावं लागतं. दोघा भावांनी २०१९मध्ये लावलेला हा ट्रक मेक्सिकोतल्या तिहुआना पद्धतीचा बिर्रिया विकतो. मिरच्या-मसाल्यात तासन्‌तास शिजवलेलं मांस, त्याचा लाल तवंग, त्या तवंगात बुडवून तव्यावर भाजलेली मक्याची पातळ पोळी म्हणजे टॉर्टिया, सोबत कपातून रस्सा. मांस बीफ, म्हणून आम्ही बघे. पण बघण्यातही काही कमी नव्हतं. टॉर्टिया तवंगात बुडवताना तिचा रंग पांढऱ्याचा केशरी होतो आणि तव्यावर पडताच तिच्या कडा वळायला लागतात. वास थेट आपल्या कोल्हापुरी तांबड्या रश्श्याच्या गावचा. रांगेत उभे असलेले लोक कोण होते हे मला जास्त महत्त्वाचं वाटलं. कोपरापर्यंत रंगाचे डाग असलेले, कमरेला हत्यारांचे पट्टे लावलेले, शनिवारचं काम आटपून आलेले. गाडी चांगली की नाही हे ओळखायला तारांकित अभिप्राय वाचण्याची गरज नाही. ज्यांना पोटभर आणि वेळेत जेवायचं असतं ते कुठे उभे आहेत, ते बघावं.

आमच्यासाठी त्या रस्त्यावर वेगळ्या गोष्टी होत्या. मक्याचे दाणे कपात, त्यावर मेयोनीज, खारं चीज, तिखट, लिंबू: एस्कितेस. चौपाटीवरच्या भुट्टेवाल्याने सुट्टीत मेक्सिकोला जाऊन यावं तसं. आंबा काडीला टोचून फुलासारखा कापलेला, त्यावर तिखट-मीठ-लिंबू. मे महिना होता. ठाण्यात फ्रीजमध्ये हापूस ठेवून आलेला माणूस इथे अर्धवट पिकलेला आंबा तिखटाबरोबर खातोय, याची भाच्याने घरी फोटो पाठवून वर्दी दिली. लगेच बहिणीचा फोन: "आमरस करून ठेवलाय, त्याचं काय करू?"

अरेपाही इथलाच. मक्याच्या पिठाची जाड, गोडसर भाकरी, मध्ये वितळलेलं चीज. 'अरेपा लेडी' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या मारिया पिएदाद कानो कोलंबियात वकिली पेशात होत्या. क्वीन्समध्ये येऊन त्या याच पुलाखाली रात्रीच्या वेळी गाडीवर अरेपा भाजायच्या. आता त्या घराण्याचं या भागात हॉटेल आहे. आम्ही अरेपा मात्र रस्त्यावरच्याच एका आजीबाईंकडून घेतला. पैसे रोख. इथे कार्ड बाहेर काढू नये.

रात्री त्याच सात नंबरच्या रेल्वेने आणखी पूर्वेला फ्लशिंग मेडोज पार्क. 'क्वीन्स नाइट मार्केट' इथे २०१५पासून उन्हाळ्यातल्या शनिवारी भरतं. या गाड्या नव्हेत, तंबू. पण पदार्थाची किंमत पाच-सहा डॉलरच्या वर नेऊ द्यायची नाही, हा तिथला नियम मला फार आवडला. त्यामुळे लोक एकेक घास चाखत फिरतात. पोटात जागा उरली नव्हती, तरी फिरलो.

रविवार

दिवसभर पाऊस. पोहे झाले. संध्याकाळी उघडीप मिळाली तेव्हा ब्रुकलिनमधल्या भाच्याच्या मित्राकडे गेलो. तिथे आइस्क्रीमच्या ट्रकची ती डोक्यात घर करणारी धून ऐकली. 'मिस्टर सॉफ्टी' ही कंपनी १९५६पासूनची, मूळ फिलाडेल्फियाची. शहराचा नियम असा की ट्रक चालत असतानाच धून वाजवायची, उभा राहिला की बंद. मित्र म्हणाला की हा नियम पाळला जातो यावर त्याचा विश्वास नाही.

सोमवार

शेवटचा दिवस ॲस्टोरियाला. हेही क्वीन्सच, पण ग्रीक, इजिप्शियन, बाल्कन लोकांचं. ब्रॉडवे आणि तिसावा रस्ता यांच्या कोपऱ्यावर 'किंग ऑफ फलाफल अँड शवारमा'. २०१०चा व्हेंडी करंडक यांच्याकडे. मालक फ्रेडी झैदिया पॅलेस्टिनी वंशाचे.

जाताना भाचा ट्रक आणि गाडी यांतला फरक सांगत होता. गाडी फुटपाथवर, ट्रक रस्त्यावर. आणि रस्त्यावर ट्रकची कुचंबणा जास्त. मीटर असलेल्या पार्किंगच्या जागेवर माल विकता येत नाही. खाद्यपदार्थ हा माल नव्हे असा ट्रकवाल्यांचा युक्तिवाद होता, तो २०११मध्ये न्यायालयाने फेटाळला. मॅनहॅटनमध्ये बिनमीटरची जागा म्हणजे आवळ्याएवढं पूज्य. तेव्हा ट्रकची मोठी लाट होती. २००८मध्ये लॉस एंजेलिसला रॉय चोई यांच्या 'कोगी'ने कोरियन मांस मेक्सिकन टॅकोत घालून विकायला सुरुवात केली आणि ट्रक आज कुठे उभा आहे हे ट्विटरवर सांगायला लागले, त्यामागे गर्दी धावू लागली. इथे त्याआधी वर्षभर आयबीएममधली नोकरी सोडून एका बेल्जियन माणसाने 'वॉफल्स अँड डिंजेस'चा पिवळा ट्रक काढला होता. त्या पिढीतले बरेच जण पुढे दुकानात गेले, काही लग्न-कार्यक्रमांच्या ऑर्डरींवर जगतात. म्हणून मॅनहॅटनच्या मिडटाऊनमध्ये 'ट्रक' शोधत फिरणाऱ्याच्या पदरी निराशा येते आणि गाड्या मात्र पावलापावलाला. ट्रक बघायचे तर ॲस्टोरिया, जॅक्सन हाइट्स अशा वस्तीत यावं.

इथे रांगेत उभं असतानाच खिडकीतून प्रत्येकाच्या हातावर एक गरम फलाफल पडतं. फुकट. लांबट आकाराचं, बाहेरून कुरकुरीत, आत हिरवंगार. बायकोने ते तोडलं, आत निरखलं, हुंगलं. मग खिडकीपाशी गेल्यावर ऑर्डर द्यायच्या आधीच तिने भाच्याला दुभाषा केलं.

"विचार त्याला, चणे उकडून घेतात की नुसते भिजवून?"

"नुसते भिजवून," आतला पोरगा म्हणाला. "उकडले तर तेलात फुटतात."

"आणि सोडा?"

तो हसला आणि मान हलवून नाही म्हणाला. बायको मराठीत म्हणाली, "खोटं बोलतोय. घातल्याशिवाय असं जाळीदार होत नाही." भाच्याने याचं भाषांतर केलं नाही. पण मागच्या माणसाला घाई झाली होती, त्यामुळे तिने दोन थाळ्या सांगितल्या, आणि पोरग्याने पन्नीत आणखी तीन फलाफलं वरून टाकून दिली.